माळ मोडण्याआधी नाणं वाचा

आमच्या मुरबाडात नाणेघाटाची गोष्ट पोरासोरांनाही पाठ. वैशाखऱ्याहून घाट चढलं की माथ्यावर दगडी रांजण, त्यात म्हणे जकातीची नाणी पडायची. पण त्या काळच्या नाण्यांवर असायचं काय? आज त्यावर बोलू.

हा रस्ता कल्याण बंदरातून जुन्नरकडे जायचा. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात कल्याणचं नाव आहे. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी यायची, हेही त्यात आहे. रोमन नाण्यावर बहुधा एकीकडे सम्राटाचा चेहरा, दुसरीकडे एखादी देवता. छापखाना नव्हता, तेव्हा राजा कोण हे लोकांच्या हातात पोचवायचं साधन म्हणजे नाणं.

आपल्याकडे क्षत्रप नहपानाने तेच केलं. चांदीच्या नाण्यावर पुढे स्वतःचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, शिवाय ब्राह्मी आणि खरोष्ठीत नाव. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचं राज्य जिंकलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार टोकांना गोल असलेली फुली.

गंमत बघा, त्याने नाणी वितळवली नाहीत, जुन्यावरच ठसा मारला. ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. म्हणूनच कोण हरलं आणि कोण जिंकलं, हे एकाच नाण्यावर वाचता येतं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर जुनी व्हर्जन डिलीट झाली नाही.

हे सगळं आज का सांगतोय? आमच्या आजीची पंचम जॉर्जच्या रुपयांची माळ आहे. बोअरवेलला पैसे हवेत, चांदीचा भाव चढलाय, म्हणून काका माळ मोडायची म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. पण सोनार नुसतं वजन बघणार आणि आटवणार. मी एवढंच म्हटलं, आधी प्रत्येक रुपयाचं साल लिहून घेऊ, दोन्ही बाजूंचे फोटो काढू आणि एक तरी ठेवू. आजी म्हणाली, "राजा नको ठेवू, माझ्या लग्नातला ठेव." तो कुठला, ते तिला बोटांनी कळतं.

तुमच्याही घरात अशी माळ असेल तर चिंच लावून घासू नका. शेतात जुनी नाणी सापडली तर तहसील कार्यालयात कळवा. भेटू पुढच्या भागात.