भीमगड कुणाच्या यादीत?



जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी, तमिळनाडूत. १६८९ मध्ये रायगडाला मुघलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज दक्षिणेत गेले आणि पुढची काही वर्षं स्वराज्याचा कारभार जिंजीतून चालला. आज जिंजी महाराष्ट्राच्या बाहेर आहे. तरीपण ती नोंद झाली. का? कारण कागद आहेत, नकाशे आहेत, किल्ला राखलेला आहे.

आता आपल्या बेळगाव जिल्ह्यात या. खानापूर तालुक्यात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा जिथं जवळ येतात तिथं भीमगड आहे. पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी तो राखला, असं सांगतात. याच रानात देगावजवळ म्हादई उगम पावते, आणि पुढं गोव्यात तिची मांडवी होते. २०११ मध्ये हा सगळा भाग अभयारण्य झाला, जवळपास १९० चौरस किलोमीटर. आणि अभयारण्याला नाव कुणाचं? किल्ल्याचंच. पण तिथलं संशोधन बघितलं तर जास्त करून बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळावर आहे. ते व्हायलाच पाहिजे. किल्ल्यावर मात्र कुणी फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वनखात्याची परवानगी काढून आम्ही चौघं गेलो. वाट दाखवायला रानातल्याच एका गावचे मामा होते. वर काय आहे? ढासळलेली तटबंदी, झाडांच्या मुळांनी उचकटलेले चिरे, पाण्याची जागा आणि सगळीकडं कारवी. फलक नाही, पाटी नाही. आमच्यातला एक म्हणाला, "हे बघायला एवढं चाललो व्हय?"

मग मामा बोलाय लागले. ही चौकी, इथनं घाट दिसतो, हे पाणी उन्हाळ्यात पण आटत नाही, या कड्याखाली गुरं न्यायची नाहीत. प्रत्येक दगडाला, प्रत्येक वळणाला त्यांच्याकडं नाव होतं. तासाभरात त्या पडक्या भिंतींचा आमच्यासाठी किल्ला झाला. मी विचारलं, "मामा, हे कुठं लिहून ठेवलंय काय?" ते हसले. म्हणाले, "लिवतंय कोण बाळा? आमी बोलतो की."

मंडळी, माझी काळजी हीच आहे. अभयारण्यातल्या गावांचं स्थलांतर सुरू झालंय. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाईचे धनादेश मिळाले. रस्ता नाही, दवाखाना लांब, पावसात आजारी माणसाला खांद्यावरनं न्यायचं. त्यांनी तिथंच राहावं, असं बेळगावात बसून मी कसं म्हणू? त्यांना चांगलं आयुष्य मिळालंच पाहिजे. पण ती माणसं उतरली की ती नावं पण उतरणार. मग भीमगड नकाशावर राहील आणि त्याची चौकी कुठली, पाणी कुठलं, हे सांगणारं कुणी राहणार नाही.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. १९५६ च्या पुनर्रचनेवर मी परीक्षेत पानं भरून लिहितो. पण हद्द कुठून गेली हे पाठ असून हद्दीवरच्या गडाची वाट आपल्याला ठाऊक नसेल, तर आपला अभ्यास अर्धाच आहे.

म्हणून एवढंच मागणं. गडावर जाताना परवानगी घेऊन जा, स्पीकर आणि प्लास्टिक घरी ठेवा. चिऱ्यांवर नावं कोरू नका. आणि सोबत गावातलं जाणतं माणूस घ्या. मोबाईल सगळ्यांकडं आहे. त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा, जागेचा फोटो काढा, तारीख घाला. आम्ही मामांच्या तोंडून एकतीस नावं उतरवून घेतलीत. राजहंसगड, वल्लभगड, तुमच्या गावाजवळचा कुठलाही गड घ्या. हे काम आपण सगळ्यांनी वाटून घेऊया.