खर्जाची गाळणी

वाद्यवृंद ऐकतांना बहुतेकांचें लक्ष गायकाकडे किंवा वरच्या स्वरांत फिरणाऱ्या वाद्यांकडे असतें. खर्ज थांबला, म्हणजे मात्र कांहीं तरी उणें झाल्याचें सर्वांसच जाणवतें. आधुनिक पाश्चात्त्य वृंदांत हा खर्ज पुष्कळदां बेस गिटार सांभाळते. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं आपला प्रिसिजन बेस बाजारांत आणला. उभ्या डबल बेसचा आवाज मोठ्या वाद्यांत बुडून जाई. येथें मात्र तारांखालीं चुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें, म्हणजेच पिकअप असे. पोलादी तार कांपली, कीं वेटोळ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक तोच मोठा करतो.

परंतु तार एकाच स्वरानें कांपत नाहीं. सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा. त्याच्या जोडीस दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर. घोडीजवळ तार थोडीच हालते. तेथील पिकअपमध्यें मूळ स्वर दबतो व आवाज रेखीव होतो. दांडीच्या बाजूस मूळ स्वर भरून येतो. १९६० सालच्या जॅझ बेसला असे दोन पिकअप आहेत. ते मिसळले, म्हणजे नुसती बेरीज होत नाहीं. एखाद्या उपस्वराचीं आंदोलनें दोन ठिकाणीं परस्परविरुद्ध असलीं, तर तीं एकमेकांस मारतात आणि मधला आवाज पोकळ होतो.

यापुढें गाळणी. साध्या बेसवरील टोनची कळ फिरविली, कीं तीव्र उपस्वर कपॅसिटरवाटे वाहून जातात. ही गाळणी नवें कांहीं घालीत नाहीं. असलेलें तेवढें काढते. अलेम्बिक या कॅलिफोर्नियांतील कारखान्यानें १९७० नंतरच्या दशकांत गाळणीची सीमा सरकविण्याची व त्या सीमेवरील स्वर उठविण्याची सोय वाद्यांतच केली. तथापि तारेनें व पिकअपनें जें दिलेंच नाहीं, तें अशी गाळणीही उठवूं शकत नाहीं.

वादक फसतो तो येथेंच. घरीं एकटा बसून तो भरघोस, गोल आवाज जुळवितो. वृंदांत नगारा वाजूं लागला, कीं तो आवाज त्यांतच विरून जातो. जॅको पास्टोरियस यांनीं घोडीजवळच्या पिकअपवर भर दिला. एकट्यानें ऐकतां किंचित् कृश वाटणारा हा आवाज वृंदांत स्वच्छ उमटतो; त्यांची १९७६ सालची ध्वनिमुद्रिका याची साक्ष आहे. म्हणून कळ फिरवावी ती इतर वाद्यें वाजत असतांना. आपला आवाज किती मोठा, यापेक्षां दुसऱ्यांनीं कोणती जागा मोकळी ठेवली आहे, हें ज्यास ऐकूं आलें, त्याचाच खर्ज ऐकूं येतो.