आपला तो बाब्या

खाजगी कारखान्यातील कामगार संपावर गेले, तर झळ मालकाच्या नफ्याला लागते. सरकारी नोकर संपावर गेले, तर हाल होतात ते नागरिकांचे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. सरकारी नोकरही पोटासाठीच राबतो, आणि त्याचा मालक कायदे करणाराही असतो. मग त्याने दाद मागावी कोठे? या दोन सत्यांमधून न्याय्य वाट काढणे हे लोकशाहीपुढील अवघड काम होय. अमेरिकेतील दोन प्रमुख पक्षांनी ते कसे केले, हे पाहण्याजोगे आहे.

कामगारांना संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या वॅग्नर कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. सरकारी नोकर मात्र त्या कायद्याबाहेर राहिले. सरकारी सेवेत सामूहिक वाटाघाटींची रीत जशीच्या तशी आणता येणार नाही, असे १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनीच लिहिले. सरकारविरुद्धचा संप तर त्यांना असह्य वाटत होता. पुढे १९६२ मध्ये त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या केनेडी यांनी केंद्रीय नोकरांच्या संघटनांना मान्यता व मर्यादित वाटाघाटींचा हक्क दिला. संपाची बंदी कायम राहिली. कालांतराने या संघटना त्या पक्षाचा मोठा आधार बनल्या, आणि रूझवेल्ट यांच्या त्या पत्राची आठवण विरोधकांनाच अधिक येऊ लागली.

रिपब्लिकन पक्षाची कथाही निराळी नाही. रोनाल्ड रीगन हे एके काळी चित्रपट नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना, १९६८ मध्ये, स्थानिक संस्थांच्या नोकरांना वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. १९८० च्या निवडणुकीत विमान वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने त्यांनाच पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १९८१ रोजी, हे नियंत्रक संपावर गेले. अठ्ठेचाळीस तासांत कामावर या, असे रीगन यांनी बजावले, आणि मुदत संपताच अकरा हजारांहून अधिक माणसांना बडतर्फ केले. कायदा रीगन यांच्या बाजूने होता, हे मान्य केले पाहिजे; संप न करण्याची शपथ नियंत्रकांनी घेतली होती. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोलंडमधील ‘सॉलिडॅरिटी’ संघटना चिरडली गेली, तेव्हा कामगारांच्या हक्कांचा कैवार घेऊन रीगनच पुढे आले. बडतर्फ नियंत्रकांना पुन्हा त्या सेवेचे दार उघडले ते १९९३ मध्ये, क्लिंटन यांच्या कारकीर्दीत.

पुढे विस्कॉन्सिन राज्याची पाळी आली. सार्वजनिक नोकरांना वाटाघाटींचा हक्क देणारे हे पहिले राज्य, तेही १९५९ मध्ये. २०११ मध्ये तेथील गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी तो हक्क मूळ वेतनापुरता आखडून टाकला. शिक्षक व कारकून त्यात सापडले. पोलीस व अग्निशामक दल सुटले. सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण देण्यात आले. मात्र सुटलेल्यांपैकी काही संघटनांनी निवडणुकीत वॉकर यांची पाठराखण केली होती, हे टीकाकार विसरले नाहीत.

यावर ज्यांनी आक्रोश केला, त्यांच्याच पक्षाचे शिकागोचे महापौर राम इमॅन्युएल हे २०१२ मध्ये शिक्षकांचा संप थांबवण्यासाठी न्यायालयात गेले. २०२० मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यावर तर बाजू उलटल्या. संघटनांच्या करारांमुळे दोषी पोलिसांना अभय मिळते, असे अनेक डेमोक्रॅट म्हणू लागले. आणि एरवी संघटनांवर तुटून पडणारे रिपब्लिकन पोलीस संघटनांची ढाल झाले. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अनेक केंद्रीय खात्यांतील नोकरांचा वाटाघाटींचा हक्क काढून घेणारा आदेश काढला, तेव्हाही पोलीस व अग्निशामक वगळलेलेच होते.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण अशी सातासमुद्रापार खरी ठरते. परिस्थितीनुसार मत बदलणे हा दोष नव्हे. संघटना कोणाची, हे पाहून तत्त्व बदलणे हा दोष होय. जेथे संप परवडत नाही, तेथे उभय पक्षांना बांधील असा निःपक्षपाती लवाद हवा. अमेरिकेतील काही राज्यांनी पोलीस व अग्निशामकांसाठी तो मार्ग चोखाळलाही आहे. तोच न्याय शाळामास्तरालाही लावण्यास जो पक्ष तयार होईल, त्याच्या तोंडी तत्त्वाची भाषा शोभेल. तोवर पक्षांच्या भांडणाची किंमत शाळेबाहेर उभी राहिलेली मुले आणि नोकरी गमावलेले संसारी लोक मोजत राहतील.