पत्ता आपला, किल्ली कुणाची?

फुकटच्या ईमेलची जन्मकथा आधी सांगतो. पुण्याच्या बिशप्स शाळेत काही काळ शिकलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ अमेरिकेत नोकरी करत होते. स्वतःच्या धंद्याचे बेत एकमेकांना कळवायचे, तर कंपनीच्या मेलवर ते मालकाच्या नजरेला पडायची भीती. त्यातून ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू झालं. कुठल्याही संगणकावरून उघडावा आणि नोकरी सुटली तरी सुटू नये, असा पत्ता लोकांना मिळाला.

आता आपल्याकडे काय चालतं बघा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला पोरगी सेतू केंद्रात जाते. "ईमेल आहे का?" नाही. मग केंद्रवाला दोन मिनिटांत काढून देतो, पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो आणि बऱ्याचदा मोबाइल नंबरही त्याचाच लागतो. पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो. तो माणूस वाईट असतो असं नाही, त्याच्यामागे रांग असते. पण ज्या परावलंबनातून सुटायला ही सोय निघाली, तेच आपण पुन्हा विकत घेतो, तेही वर पन्नास रुपये मोजून!

यातून सुटता येतं, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात दिसलं. तिथे १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रं निघाली. शेतकऱ्याला उसाचं टनेज, खताची माहिती गावातच मिळावी हा हेतू. पुढे २००७ च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या एसएमएसवर चालवून पाहिलं आणि ते चाललं. साधन खिशात आलं की खिडकीसमोर उभं राहावं लागत नाही.

कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या माणसाला तर स्वतःच्या ताब्यातल्या खात्याची गरज जास्त. धरणाने एकेक भावकी रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगवली. धरणात गेलेल्या जमिनींच्या संकलन यादीतला उतारा एका घरी, प्रकल्पग्रस्ताचा दाखला दुसऱ्या, वारसनोंद तिसऱ्या. या कागदांचे मोबाइलने स्वच्छ फोटो काढा, गुगल ड्राइव्हवर एकच फोल्डर करा, फाइलला 'आजोबांचं नाव, कागद, साल' असं नाव द्या आणि चार भावांना पाहण्याची परवानगी द्या. खोडण्याची नको! भावकी आहे, मी जास्त बोलत नाही.

गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, पण मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. लग्नाचे व्हिडिओ तिथे गेले की दाखल्याला जागा उरत नाही. सातबारा महाभूलेखवर नुसता पाहायला पैसे पडत नाहीत, मात्र कचेरीत तो चालत नाही; तिथे द्यायचा डिजिटल सहीचा उतारा काढायला फी आहे. अर्ज टाइप करताना युनिकोड वापरा. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला तर साहेबांना नुसती रांगोळी दिसते.

आणि फुकट म्हणजे कायमचं नव्हे. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गुगल ते आतल्या कागदांसह पुसू शकतं. मुंबईत माथाडी कामाला गेलेल्या मुलाने सिम बदललं असेल, तर जुना नंबर उद्या भलत्याच्याच हातात जाईल. म्हणून गणपतीला तो घरी आला की दोन कामं करून घ्या: खात्यातला नंबर बदला, आणि ओटीपी येईनासा झाल्यास वापरायचे बॅकअप कोड छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.