क्विनोआ आणि आपली नाचणी



मुंबई-पनवेलहून गावी येणारी मुले हल्ली क्विनोआचे पाकीट घेऊन येतात. हे धान्य महाग असते. त्याची ओळख करून घेऊ आणि त्याची आपल्या नाचणीशी तुलना करून पाहू.

क्विनोआ हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातील पीक. ते आपल्या चाकवताचे जवळचे भाऊबंद आहे. १०० ग्रॅम दाण्यात सुमारे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने असतात. तांदळात व नाचणीत ती ७ ते ८ ग्रॅमच असतात. शिवाय तृणधान्यांत कमी असणारे लायसीन हे अमिनो आम्ल त्यात चांगले असते.

दाण्यावर सॅपोनिनचा कडू थर असतो. म्हणून रिठ्यासारखा फेस जाईपर्यंत ते तीन-चार पाण्यांत चोळून धुवावे. एक वाटी दाण्यास दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटे शिजवावे. त्याचा उपमा किंवा मुगाची डाळ घालून खिचडी चांगली होते.

आता नाचणी पाहा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम असते आणि क्विनोआही या बाबतीत नाचणीच्या मागेच आहे. नाचणीत लायसीन कमी असते, पण ही उणीव भरून काढणारे पीक आपल्याच खाचरात आहे. ते म्हणजे भातानंतर ओलाव्यावर येणारा वाल. वालात २० ते २५ टक्के प्रथिने व भरपूर लायसीन असते. वालात कमी असलेले मेथिओनिन नाचणी पुरवते. म्हणून नाचणीची भाकरी आणि वालाचे बिरडे हे जेवण क्विनोआपेक्षा कमी प्रतीचे नाही.

लहान मुलांसाठी नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. नंतर सावलीत वाळवून, मंद भाजून दळावी. मोड आल्याने त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. मोठ्यांसाठी ताक घालून आंबील करावी. मधुमेह असणाऱ्यांनी गुळाच्या गोड खिरीऐवजी भाकरी खावी, तीही बेताने.

क्विनोआ खाऱ्या जमिनीत तग धरतो, असे ऐकून काहीजण लागवडीचा विचार करतात. परंतु त्याला थंड, कोरडी हवा लागते. पक्व होताना पाऊस लागल्यास दाणे कणसातच उगवतात. म्हणून आपल्या खरिपात तो नको. रब्बीत करायचाच तर गुंठाभर करून पाहावा आणि विक्रीची सोय आधी करावी.

वरकस जमीन पडीक ठेवून पाकिटातले धान्य विकत घेणे परवडणारे नाही. येत्या खरिपात निदान घरापुरती नाचणी लावा आणि ती विकण्याआधी मुलांच्या ताटात वाढा.