पाण्यासाठी पाठ मोकळी

मंडळी, दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यात दोन प्रकारची माणसं सामान बांधायला घेतात. लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. ज्वारी-बाजरीची पोती, तवा, परात, भगुली, ताडपत्री, कोयते, पाण्याचा ड्रम, शेळी आणि लेकरं, सगळं ट्रॉलीत चढतं आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत जातात. दुसरी माणसं म्हणजे आपल्यासारखी हौशी. पाऊस ओसरलेला, डोंगर अजून हिरवा, म्हणून दोन दिवस बालाघाटात भटकावं, एखादी रात्र उघड्यावर काढावी असं वाटणारी. उघड्यावर राहण्याचं खरं ज्ञान पहिल्या माणसांकडे आहे, पण त्यांनी ते पोटासाठी कमावलंय, हौसेसाठी नाही. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्यांशी. मात्र ट्रॉलीतला तो पाण्याचा ड्रम लक्षात असू द्या.

हलकं सामान घेऊन चालण्याचं एक शास्त्र गेल्या काही दशकांत जगभर तयार झालंय. अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या बाईंनी 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकटीनं पार केली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघरात लावतात तसला प्लास्टिकचा पडदा. तंबू नव्हता, झोपायची बॅगही नव्हती. या विषयातली माणसं अन्न, पाणी आणि इंधन वगळून पिशवीचं जे वजन उरतं ते मोजतात. ते साडेचार किलोच्या आत आलं की अतिहलकं, नऊ किलोच्या आत आलं की हलकं. हिशेब चांगला आहे, मीही वापरतो. पण या विषयावरच्या पुस्तकांतली वाट झऱ्यांवरून जाते. तहान लागली की वाकायचं, गाळायचं, प्यायचं. म्हणून त्यांच्या हिशेबात पाणी नावालाच असतं.

आपल्याकडे तसं होत नाही. पाटोदा आणि आष्टी हे पर्जन्यछायेतले तालुके. सौताड्याला विंचरणेचा धबधबा श्रावण-भाद्रपदात कोसळताना बघा आणि मग फेब्रुवारीत त्याच कड्याखाली उभे राहा. डोंगरातले बहुतेक ओढे दिवाळीनंतर आटत जातात. मांजरा आपल्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, पण उगमापाशी उन्हाळ्यात बाटली भरेल याची खात्री कुणी देणार नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते हलकं करण्याची युक्ती जगात कुठल्याही कंपनीला सापडलेली नाही. उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. दोन दिवस आणि मधल्या रात्रीचा विचार केला, वाटेत एकदा भरून घेता येईल असं धरलं, तरी निघताना पाठीवर पाच लिटर हवेत. म्हणून मी आज एकच गोष्ट सांगायला उभा आहे: आपल्या डोंगरात बाकी सगळं हलकं करायचं ते पाणी नेता यावं म्हणून.

याला आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वस्तीवर किंवा तांड्यावर पाणी मागितलं तर आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पण चैत्र-वैशाखात तो तांब्या ज्या हंड्यातून भरला जातो, तो हंडा टँकरपासून किंवा लांबच्या विहिरीवरून एखादी बाई डोक्यावर घेऊन आलेली असते. माझी पिशवी हलकी राहावी म्हणून तिनं एक खेप वाढवायची, हे मला पटत नाही. दिंडीतही पाठ हलकी असते, पण तिथली गोष्ट वेगळी. नाथांची पालखी रायमोह, पाटोद्यावरून जाते, मुक्ताईची बीडमधून जाते. वारकऱ्याच्या खांद्यावर छोटी पडशी असते, कारण राहुट्या, भांडी आणि शिधा दिंडीच्या ट्रकमध्ये असतो. तिथं ती व्यवस्था सगळ्यांनी मिळून केलेली आणि पैसे भरून उभी केलेली असते. डोंगरात आपल्यामागे ट्रक नसतो. आपलं ओझं नकळत दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये, एवढी काळजी घ्यावीच लागते.

आता वजन कुठून काढायचं ते बघू. पहिला बळी चुलीचा. दुकानदार सुकवलेलं, पाकीटबंद अन्न हलकं म्हणून विकतात. नूडल्सचं पाकीट हातात हलकं लागतं, पण ते शिजायला पाणी लागतं, भांडं लागतं, स्टोव्ह लागतो, गॅसचा डबा लागतो आणि भांडं धुवायला पुन्हा पाणी. जिथं झरा आहे तिथं हा सौदा बरा, आपल्याकडे तोट्याचा. आपल्या घरात याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आहे: दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. एवढं देणारं, न शिजवता खाता येणारं दुसरं स्वस्त काय आहे? 1934 साली शिप्टन आणि टिलमन हे दोघे इंग्रज गिर्यारोहक तीन शेर्पांबरोबर नंदादेवीच्या गाभ्यात पोचले, तेव्हा त्यांनी परदेशी डबे टाळून शेर्पांचंच साधं जेवण जेवायचं ठरवलं होतं. त्या काळात इतरांच्या मोहिमा शेकडो हमाल घेऊन निघत होत्या.

दुसरं, छप्पर. बाजारातला दोन माणसांचा स्वस्त तंबू अडीच-तीन किलोचा असतो आणि आपल्या हवेत आत गुदमरायला होतं. त्याऐवजी ताडपत्री घ्या. आपल्या शेतकऱ्यांना ताडपत्रीचे जीएसएम समजावून सांगायला नकोत. एक चौरस मीटर ताडपत्रीचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. खळ्यावर धान्य वाळवायला अडीचशे जीएसएमची लागते. रात्रभर डोक्यावर बांधायला नव्वदची पुरते. तीन मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर, गुणिले नव्वद: 675 ग्रॅम. तीच अडीचशेची घेतली तर पावणेदोन किलोच्या वर. दुकानात हा गुणाकार तोंडी करता येतो.

अंथरुणाबद्दल माझं मत काही जणांना रुचणार नाही. घोंगडी मला फार आवडते. धनगर बांधवांनी तिच्यावर ऊन, थंडी, पाऊस सगळं काढलंय, आणि लोकर ओली झाली तरी ऊब देते. पण ती जड आहे आणि भिजली की आणखी जड. पाठीवर पाणी न्यायचं असेल तर तिला घरी ठेवावं लागतं. बर्फातल्या थंडीसाठी बनवलेली झोपायची बॅगही नको. किलोभराचं पांघरूण, खाली फोमची पातळ चटई, अंगात स्वेटर आणि कानटोपी एवढ्यात पठारावरची पौषातली रात्र निघते.

सॅक सगळ्यात शेवटी विकत घ्या. आधी सामान जमवा, किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवा, आकडा लिहा. मोठी सॅक आधी घेतली की ती भरेपर्यंत माणसाला चैन पडत नाही. आणि बूट. पायातल्या वजनाला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या जवळजवळ पाचपट शक्ती लागते, म्हणून जाड कातडी बुटांपेक्षा चांगल्या तळव्याचे हलके बूट बरे. स्टीलची बाटलीही नको, ती रिकामीच तीनशे ग्रॅमच्या घरात भरते. असं सगळं धरून पाणी आणि खाणं सोडून साडेचार किलोच्या आसपास येतं. त्यात सव्वा किलो खाणं आणि पाच लिटर पाणी. साठ किलोच्या माणसाला पावणेअकरा किलो झेपतं.

काही वस्तू मात्र हलकेपणाच्या नावाखाली काढू नका. मच्छरदाणी, आणि ती चटईखाली चारी बाजूंनी खोचलेली. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा चावल्याचं कळतसुद्धा नाही. बॅटरी, क्षारसंजीवनीची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या: या सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोही नाही. बारवेतलं, आडातलं पाणी गाळून त्यात गोळी टाका. पण कपाशीच्या शिवारातल्या विहिरीजवळ फवारणीचे रिकामे डबे दिसले तर ते पाणी पिऊ नका. क्लोरीननं जंतू मरतात, औषधाचा अंश जात नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी. नायगावचं मयूर अभयारण्य 1994 पासून संरक्षित आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. धारूरच्या किल्ल्यावर किंवा कपिलधारच्या डोंगरात जात असाल तरी पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून जा: किती जण आहोत, कोणत्या वाटेनं, कधी परतणार. साप चावला तर जखम कापायची नाही, करकचून बांधायची नाही. चावा बसलेला अवयव हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. अंबाजोगाईच्या बाजूला असाल तर स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तो नंबर आणि तो रस्ता निघण्याआधी कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण घाटाच्या पोटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.