चार भिंतींच्या आतली लोकलज्जा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने स्त्रीपुरुषांच्या कामजीवनावर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अध्यक्षांनी विषय जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला, तो मीही ऐकला. मला बोलायचे आहे ते त्या हशामागच्या भीतीबद्दलच.

तरुणपणी माझी समजूत सरळ होती. लग्नानंतर लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. दिवा मालवल्यावरही कोणीतरी जागे आहे ही जाणीव पतिपत्नींच्या मध्ये असे. मी म्हणत असे, हा घरांचा प्रश्न आहे. स्वतंत्र खोली द्या, संकोच संपेल. यात तथ्य आहेच. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. एकांत हीदेखील आपल्याकडे विषमतेने वाटली गेलेली वस्तू आहे.

परंतु ही समजूत अपुरी होती, हे मला एका माजी विद्यार्थ्याने शिकवले. चांगली नोकरी, दोन खोल्यांचे घर, बंद होणारे दार. चारचौघांत बोलताना लहानपणापासून घाम फुटणारा हा गृहस्थ पत्नीजवळ जायचेच टाळू लागला होता. तो म्हणाला, "सर, खोलीत आम्ही दोघेच असतो, पण कोणीतरी मला गुण देत बसलंय असं वाटतं."

दुसऱ्यांच्या नजरेत आपण हास्यास्पद ठरू, या तीव्र आणि टिकून राहणाऱ्या भीतीला मानसोपचारशास्त्र सामाजिक भयगंड म्हणते. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत त्याची स्वतंत्र नोंद केली. या भीतीत माणसाचे लक्ष समोरच्या व्यक्तीवरून उडून स्वतःवर खिळते. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० साली दाखवले की शय्येवर असा माणूस सहभागी राहत नाही, स्वतःचाच प्रेक्षक होतो. भयाच्या क्षणी शरीर पळण्याची वा लढण्याची तयारी करते. कामोत्तेजनेला मात्र स्वस्थता लागते. मग पुरुषाला ताठरता येत नाही किंवा शीघ्रपतन होते. स्त्रीची इच्छा विझते, स्पर्श नकोसा वाटतो. एका रात्रीचे अपयश दुसऱ्या रात्रीची धास्ती बनते. स्त्रीच्या वाट्याला तर दुहेरी कोंडी येते. इच्छा बोलून दाखवली तर निर्लज्ज, नाकारली तर थंड.

ही नजर नेहमीच काल्पनिक असते असेही नाही. समलिंगी व्यक्तींवर ती कायद्याने रोखलेली होती. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून मुक्त केले. कायद्याची नजर हटली. शेजाऱ्यांची हटली असे कोण म्हणेल?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. जिथे मौन असते तिथे भीतीचा बाजार भरतो. लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती त्याच जाहिरातींनी रंगलेल्या असतात. माझ्या विद्यार्थ्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी दोन वर्षे असल्या पुड्यांवर पैसे घालवले. पुढे वर्तनोपचाराने आणि पतिपत्नींच्या संयुक्त समुपदेशनाने त्याला बराच आराम पडला. काही काळ संभोगाचा आग्रहच सोडून केवळ स्पर्शाची ओळख करून घ्यायची, अशी एक साधी पद्धत त्यात असते. परीक्षाच रद्द केली, की परीक्षार्थीची धास्ती उतरते. भयगंडावरच्या काही औषधांनी कामेच्छा मंदावते, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे; औषध परस्पर बंद करू नये. आणि प्रत्येक लाजाळू माणूस रोगी नव्हे, पत्नीचा नकार म्हणजे तर मुळीच रोग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचक आपली लैंगिक दुःखे त्यांना पत्राने कळवीत आणि ते शांतपणे उत्तरे देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांना दंड झालाच. पण आपल्या चळवळींनी त्या दोघांना अभिवादन केले आणि विषय मात्र बाजूला ठेवला, ही कबुली आपण दिली पाहिजे.

आपण वेतनासाठी लढतो, घरांसाठी लढतो, लढलेच पाहिजे. पण मिळालेल्या घरात माणूस लोकांच्या नजरेला भिऊनच निजणार असेल, तर ते घर अजून पुरते त्याचे झालेले नाही. उद्या एखादा सहकारी अडखळत आपले दुःख सांगू लागला, तर हसू नका. त्याला डॉक्टरांचा पत्ता द्या, आणि शक्य असेल तर त्याच्याबरोबर जा.